पाटे की कॉइल? एका तयार उत्तराची उलटतपासणी

‘माल वाहायचा असेल तर पाटे, आरामात फिरायचं असेल तर कॉइल.’ जुन्या पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. गॅरेजमध्ये येतं, गाड्यांच्या मासिकांत येतं, आणि जरा जड शब्दांत विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही येतं. वाक्य आटोपशीर आहे, लक्षात राहतं आणि पूर्ण खोटंही नाही. म्हणूनच ते तपासायला घेतलंय. सरळ खोटं विधान लगेच पकडलं जातं. अर्धं खरं असलेलं विधान गुपचूप आपल्या सिनॉप्सिसमध्ये येऊन बसतं आणि मग तीन-चार वर्षं आपण त्याच्याभोवती फिरत राहतो.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींची आरआरसी तोंडावर आहे. ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’ हे शीर्षक किती लाडकं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा आज सस्पेन्शनच्या निमित्ताने बघू, की आपण तुलना करतो म्हणजे नक्की कशाची कशाशी करतो. मेकॅनिकलचे नसाल तरी वाचा. गणित फार तर बारावीच्या फिजिक्सचं लागेल.

आधी वस्तू नीट बघू

पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग. पोलादाच्या लांब, किंचित वाकलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्टने त्यांच्याशी जखडलेला ॲक्सल. मुख्य पाट्याच्या पुढच्या टोकाचा डोळा चेसीवरच्या हँगरला पक्का असतो. मागचं टोक शॅकलवर लटकतं, कारण भार आला की पाटा सरळ होतो, लांबतो, आणि त्या लांबण्याला कुठेतरी वाट द्यावी लागते.

कॉइल म्हणजे वेटोळी स्प्रिंग. आपल्याला वाटतं ती ‘दबते’, पण आत तारेला पीळ बसत असतो. पाट्याचं पोलाद वाकतं, कॉइलचं पोलाद पिळलं जातं. दोन्ही शेवटी एकच काम करतात: ऊर्जा साठवायची आणि परत द्यायची.

आता खरा फरक. मागच्या चाकांनी गाडी पुढे ढकलली की ती ढकल चेसीपर्यंत कोण पोचवतं? ब्रेक लागल्यावर ॲक्सल मागे राहू नये म्हणून त्याला कोण धरतं? वळणावर ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून? पाट्यांच्या गाडीत या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘पाटा’ असंच आहे. याच मांडणीला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात. कॉइल मात्र उभा भार पेलते, बस्स. तिच्या जोडीला ॲक्सल पुढे-मागे धरायला आर्म लागतात आणि बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लागतो.

म्हणजे ‘पाटे विरुद्ध कॉइल’ असं आपण म्हणतो तेव्हा एका बाजूला स्प्रिंग अधिक जोडणी असा पूर्ण संच असतो आणि दुसऱ्या बाजूला त्या संचाचा फक्त एक तुकडा. वजनाचं उदाहरण घ्या. ‘कॉइल हलकी असते’ हे विधान नुसत्या स्प्रिंगपुरतं ठीक आहे, कारण तेवढीच ऊर्जा साठवायला तिला साधारणपणे कमी पोलाद लागतं. पण आर्म, पॅनहार्ड रॉड, त्यांचे बुश आणि चेसीवरचे ब्रॅकेट तराजूत टाकले का? तुलनेच्या दोन्ही बाजूंची हद्द सारखी आखली आहे का, हा पहिला प्रश्न.

स्प्रिंग आणि जोडणी वेगळ्या करता येतात याचा पुरावाही आहे. शेव्हर्ले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये १९६३ पासून मागे आडवा पाटा होता. १९८१ मध्ये तो पोलादाऐवजी कॉम्पोझिटचा येऊ लागला आणि आडवे पाटे तिथे २०१९ पर्यंत टिकले. त्या गाडीत चाकांना जागेवर धरायचं काम दुसरे दुवे करत होते, पाटा फक्त स्प्रिंग होता. त्यामुळे ‘पाटा म्हणजे बैलगाडीचं तंत्र’ असं कुणी म्हणालं तर विचारा: पाटा, की पाट्यावर टाकलेली बाकीची कामं?

आयता मिळालेला प्रयोग

संशोधकाचं स्वप्न काय असतं? दोन गोष्टी सगळ्या बाबतीत सारख्या, फक्त एकच घटक वेगळा. गाड्यांच्या जगात हे जवळजवळ कधीच मिळत नाही. पण एक उदाहरण बरंच जवळ जातं.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ ते १९७२ या काळात एकच हलका पिकअप दोन नावांनी विकला, शेव्हर्ले आणि जीएमसी. अर्ध्या टनाच्या टू-व्हील ड्राइव्ह शेव्हर्लेत, म्हणजे सी-१० मध्ये, मागे कॉइल आणि दोन लांब ट्रेलिंग आर्म हे नेहमीचं सस्पेन्शन होतं, पाटे मागणीनुसार मिळत. जीएमसीत नेमकं उलटं: पाटे नेहमीचे, कॉइल मागणीनुसार. पुढचं सस्पेन्शन दोन्हीकडे कॉइलचंच. १९७३ साली नवी पिढी आली आणि मागे सगळीकडे पाटे परत आले.

एकच कंपनी, एकच काळ, जवळपास एकच चेसी, आणि मागे दोन वेगळी सस्पेन्शन. आजही ज्यांच्याकडे हे जुने ट्रक आहेत त्यांचा ‘पाटे ठेवू की कॉइल बसवू’ हा वाद याच पिढीवर सर्वांत जोरात चालतो. आणि या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपला अनुभव पुरावा म्हणून ठेवतात: ‘मी दोन्ही चालवलेत, मला विचारा.’

हा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो पुरावा म्हणून किती वजनाचा आहे, हे बघू.

एक, साल. १९७१ पासून या ट्रकांना पुढे डिस्क ब्रेक नेहमीचे झाले. कुणी १९६८ च्या पाट्यांच्या जीएमसीची तुलना १९७२ च्या कॉइलच्या शेव्हर्लेशी करत असेल, तर ‘दुसरी गाडी जास्त हातात राहते’ या भावनेत ब्रेकचा वाटा किती?

दोन, व्हीलबेस. हे ट्रक ११५ आणि १२७ इंच अशा दोन लांबींत मिळत. लांब गाडी त्याच उंचवट्यावर कमी डोलते. लांबी जुळवली नाही, तर आपण सस्पेन्शन मोजतोय की व्हीलबेस?

तीन, टायर आणि हवा. माल वाहणारा माणूस मागच्या टायरात हवा कडक ठेवतो. शोभेसाठी ट्रक ठेवणारा मऊ ठेवतो. हा फरक सीटपर्यंत सहज पोचतो, आणि त्याचं श्रेय किंवा दोष मात्र स्प्रिंगला जातो.

चार, निवड कुणी केली. ज्याला माल वाहायचा होता त्याने मुद्दाम पाटे मागवले, ज्याला फिरायचं होतं त्याने कॉइलची गाडी घेतली. मग पाट्यांचे ट्रक जास्त राबले, जास्त खिळखिळे झाले. पन्नास वर्षांनी आपण दोन्ही चालवून बघतो आणि म्हणतो, पाट्यांचा ट्रक खडखडतो. पाट्यांमुळे खडखडतो, की राबल्यामुळे?

पाच, जे उरले तेच दिसतात. भंगारात गेलेले ट्रक या वादात साक्ष द्यायला येत नाहीत. तडे गेलेली चेसी, तुटलेले ब्रॅकेट, गंजलेले हँगर आपल्या नमुन्यातून आधीच गळून गेले आहेत.

यातला चौथा मुद्दा नीट लक्षात ठेवा. ज्याला आपण ‘कारण’ म्हणतोय ती गोष्ट लोकांनी स्वतः निवडलेली असेल, तर निवडीमागचं कारणच परिणामालाही ढकलत असतं. शाळा, औषधं, बियाणं, सिंचन, कुठल्याही विषयात हा खड्डा आहे.

एक साधा हिशेब

आता ‘माल म्हणजे पाटे’ या अर्ध्याकडे येऊ. खालचे आकडे मी हिशेबासाठी गृहीत धरलेत, कुठल्या एका गाडीचे नाहीत.

समजा रिकाम्या पिकअपच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगवर मिळून ५०० किलो आहे. त्यात ६०० किलो माल टाकला की झाले ११००. मोटारगाडीत मागचा भार इतका बदलत नाही, पिकअपमध्ये तो दुपटीच्या वर जातो. पिकअपच्या मागच्या सस्पेन्शनचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

दोन्ही स्प्रिंगचा मिळून ताठरपणा मीटरला ८०,००० न्यूटन धरू. स्प्रिंगवरचं वस्तुमान किती वेगाने वर-खाली होईल हे ताठरपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला दोन पायने भागून मिळतं. रिकामी गाडी सेकंदाला साधारण २.० वेळा डोलेल, म्हणजे २ हर्ट्झ. भरलेली १.३६ हर्ट्झ. मालाने मागची बाजू बसेल ७.४ सेंटिमीटर. रिकाम्या गाडीचे २ हर्ट्झ म्हणजे धक्के जाणवणारच.

बरं, मऊ करू. रिकाम्या गाडीला १.३ हर्ट्झ हवेत असं ठरवलं, तर ताठरपणा सुमारे ३३,४०० लागतो. आता तोच ६०० किलो माल टाका: मागची बाजू १७.६ सेंटिमीटर खाली येते. एवढी जागाच नसते. ॲक्सल रबरी स्टॉपवर आपटतो, हेडलाइट झाडांवर पडतात, आणि ज्या आरामासाठी स्प्रिंग मऊ केली तो आराम भरल्या गाडीत शून्य होतो.

या सगळ्या हिशेबात मी पाटा किंवा कॉइल हा शब्द वापरला का? नाही. आकड्याला आकार कळत नाही. ८०,००० चा पाटा आणि ८०,००० ची कॉइल सारख्याच बसतील. ‘कॉइल मऊ असते’ हे म्हणूनच कॉइलबद्दलचं विधान नाही. कुणीतरी मऊ कॉइल निवडली, असा त्याचा अर्थ. कॉइलची तार थोडी जाड घ्या: तिचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास १० टक्के वाढवला की ताठरपणा ४६ टक्के वाढतो. पाट्यात तो जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. हवा तो आकडा दोन्हीकडे गाठता येतो.

मग त्या वाक्यातलं अर्धं खरं कुठे आहे? इथे आहे. एकच आकडा पुरत नसेल तर दोन वापरायचे. समजा पहिल्या टप्प्यात ताठरपणा ५०,००० ठेवला, आणि गाडी ६ सेंटिमीटर बसल्यावर खालचा जाड मदतनीस पाटा टेकतो आणि एकूण ताठरपणा १,००,००० होतो. रिकामी गाडी १.५९ हर्ट्झवर, भरलेली १.५२ हर्ट्झवर, आणि बसणं सुमारे ८.९ सेंटिमीटर. भार दुपटीच्या वर गेला तरी गाडीची चाल जवळपास तीच राहिली.

असा दुसरा टप्पा पाट्यांच्या जुडीत घालणं फार स्वस्त आहे. एक पट्टी खाली जोडायची, झालं. कॉइलमध्ये तेच करायला वेटोळ्यांमधलं अंतर बदलतं ठेवावं लागतं, किंवा आत हवेची पिशवी घालावी लागते, किंवा सरळ कॉइलच्या गाडीला वेगळा मदतनीस पाटा जोडावा लागतो. सगळं होतं, पण पैसे आणि जागा लागते. म्हणून नियम असा लिहिता येईल: बदलत्या भारासाठी टप्प्याटप्प्याचा ताठरपणा हवा, आणि तो पाट्यांत स्वस्तात मिळतो. हे वाक्य घोषणेसारखं लक्षात राहत नाही, पण तपासता येतं.

‘पाटे खडबडीत’ यातलं खरं

दुसऱ्या अर्ध्यातही तथ्य आहे, फक्त लोक समजतात तिथे नाही. पाटे एकमेकांवर घासतात. या घर्षणाला एक ठरावीक बळ लागल्याशिवाय जुडी हलतच नाही.

समजा मागच्या दोन्ही जुड्यांचं मिळून घर्षण ५०० न्यूटन आहे. वर ५०० किलो असतील, तर प्रवेग सेकंदाला सेकंदाला १ मीटर होईपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत, स्प्रिंग जागची हलणार नाही. तोवर गाडी फक्त टायरवर नाचतेय. बारीक खडी, सिमेंट रस्त्याचे सांधे, सगळं थेट वर. गाडी भरून ११०० किलो झाली की हाच उंबरठा ०.४५ वर येतो. ‘भरल्यावर मस्त चालते, रिकामी असली की हाडं खिळखिळी करते’ या तक्रारीचा एक मोठा भाग इथे उलगडतो.

पण हे घर्षण सगळ्या पाट्यांत सारखं नसतं. गंजलेली, कोरडी, आठ पट्ट्यांची जुडी वेगळी, आणि टोकांना सरकपट्ट्या बसवलेली स्वच्छ जुडी वेगळी. मधे जाड, टोकांकडे पातळ अशा दोन-तीन पॅराबोलिक पाट्यांत पट्ट्या मधे आणि टोकांनाच टेकतात, त्यामुळे घर्षण बरंच कमी. तेव्हा ज्याने पन्नास वर्षांचे गंजके पाटे काढून नव्या कॉइल, नवे बुश आणि नवे शॉकअप बसवले आणि ‘गाडी लोण्यासारखी झाली’ म्हणून सांगितलं, त्याने काय सिद्ध केलं? नवं जुन्यापेक्षा बरं, एवढंच. त्याच पैशात नवे पाटे, नवे बुश आणि तेच शॉकअप बसवले असते तर काय झालं असतं, हा तुलनेचा दुसरा हात त्या प्रयोगात नाहीच.

‘स्प्रिंग म्हातारी होऊन मऊ पडली’ हा शब्दप्रयोगही तपासण्यासारखा आहे. पोलादाचा लवचिकता गुणांक वयाने कमी होत नाही. वर्षानुवर्षं भार सोसून स्प्रिंग कायमची थोडी बसते, तिची उंची जाते, पण प्रत्येक किलोमागे ती किती दबेल हे जवळपास तेच राहतं. ताठरपणा खरोखर कमी होतो तो पट्टी तुटल्याने किंवा गंजाने जाडी खाल्ल्याने. म्हणजे उंची मोजून ताठरपणाबद्दल बोलणं ही चुकीच्या चलाची मोजणी झाली.

मग मोजायचं कसं? प्रयोगशाळा लागत नाही. गाडीची भार वाहण्याची मर्यादा बघून घ्या. पन्नास किलोची बारा पोती घ्या. एकेक पोतं बरोबर ॲक्सलच्या वर ठेवत जा आणि दर वेळी ॲक्सल ते चेसी हे अंतर मोजा. बाराही झाली की एकेक काढत परत मोजा. आलेखावर चढण्याची आणि उतरण्याची रेषा काढा. रेषेचा उतार म्हणजे ताठरपणा. मधेच उतार बदलला तर मदतनीस पाटा टेकला. आणि चढती-उतरती रेषा एकमेकींवर न बसता मधे फट राहिली, तर ती फट म्हणजे घर्षण. कॉइलच्या गाडीत ती फट बारीक येईल, पण बुश जुने असतील तर तिथेही दिसेल. एका दुपारच्या कामात तीन वेगवेगळे चल सुटे झाले. गप्पांच्या वादात हे तिन्ही ‘कडक’ या एकाच शब्दात गुंडाळलेले असतात.

आराम म्हणजे काय मोजलं?

‘आराम’ हा शब्द तर आणखी निसरडा. कंपनांचा शरीरावर होणारा परिणाम मोजायला आयएसओ २६३१ हे मानक आहे. ते सगळ्या कंपनांना सारखं वजन देत नाही. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची साधारण ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सर्वांत जास्त टोचतात. वर आपण जे १.३ आणि २ हर्ट्झ काढले, ते यात बसत नाहीत. म्हणजे गाडीचं हळू डोलणं हा आरामाचा एक भाग, आणि टायर, घर्षण, बुश, सीट यांतून येणारी मधली कंपनं हा दुसरा, बहुधा जास्त त्रासाचा भाग. शिवाय पिकअपमध्ये माणूस दोन ॲक्सलच्या मधे बसतो, मागच्या चाकांवर नाही. मागचा धक्का त्याच्यापर्यंत मान पुढे-मागे हलवणाऱ्या डोलण्याच्या रूपात येतो. फक्त मागच्या ॲक्सलवर सेन्सर लावून ‘आराम वाढला’ असा निष्कर्ष लिहिला, तर व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल.

नियमाच्या बाहेरची उदाहरणं

कुठल्याही नियमाची ताकद बघायची तर त्याच्या हद्दीवर जा.

सी-१० ची ती लांब ट्रेलिंग आर्मची मांडणी अमेरिकन नॅसकार शर्यतींतल्या गाड्यांनी उचलली. तिथे तिला ‘ट्रक आर्म’ असंच नाव पडलं आणि मुख्य मालिकेत २०२२ मध्ये नव्या पिढीची गाडी येईपर्यंत ती टिकली. शर्यतीत ना माल असतो ना आराम. ॲक्सल नेमका कुठे राहतो यावर ताबा, हे तिथलं आकर्षण. ‘आरामासाठी कॉइल’ या चौकटीत हे उदाहरण बसतच नाही.

दुसरीकडे, २००९ च्या डॉज रॅम १५०० ने मागे कॉइल घेतली, तर फोर्ड एफ-१५० पाट्यांवरच राहिली. दोन्ही माल वाहतात. २०१४ मध्ये रॅम २५०० सुद्धा कॉइलवर गेली, पण त्याहून जड रॅम ३५०० ने पाटे ठेवले. म्हणजे भार वाढत गेला की पाट्यांचं पारडं जड होतं हे खरं, पण ती रेषा कुठे पडते हे काळ, किंमत आणि गिऱ्हाईक ठरवतात. निसर्गनियम म्हणून ती लिहू नका.

आपल्याकडे बोलेरो पिकअप मागे पाट्यांवरच चालते. पण इथे निवडीत आणखी एक चल शिरतो: दुरुस्ती. एक पाटा तुटला तरी बाकीच्या जुडीवर गाडी हळूहळू गावापर्यंत येते, आणि पाटे बदलून देणारं दुकान हायवेलगत सापडतं. हा मुद्दा इथे भारी आहे. टेक्सासमध्ये गॅरेजच्या सावलीत उभ्या असलेल्या १९६९ च्या सी-१० साठी त्याचं वजन तेवढं नाही. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे नेताना वजनं बदलतात, हे लिहून ठेवा.

मग निवडायचं काय?

टीका करून हात झटकणं बरोबर नाही, म्हणून माझं मत सांगतो. १९६७ ते १९७२ च्या अशा ट्रकाचा प्रश्न असेल, तर चेसी ज्या सस्पेन्शनसाठी घडवली आहे तेच ठेवावं, आणि पैसा बुश, शॉकअप, टायर आणि योग्य ताठरपणाच्या स्प्रिंगवर घालावा. नियमित माल असेल तर दोन टप्प्यांचे पाटे. ट्रक बहुतेक रिकामाच फिरत असेल आणि मूळचा कॉइलचा असेल, तर कॉइल, आर्मचे पुढचे बुश आणि पॅनहार्ड रॉड नीट करावा.

एकाचं दुसरं करून घ्यायला माझा विरोध आरामाच्या मुद्द्यावर नाही. पाट्यांच्या चेसीवर कॉइल बसवताना गाडी पुढे ढकलणारं आणि ब्रेकचं सगळं बळ आर्मच्या पुढच्या जोडावर येतं, म्हणजे चेसीच्या अशा जागी जिथे ते पूर्वी कधी येत नव्हतं. तिथला आडवा बीम आणि ब्रॅकेट कमी पडला, तर चूक महामार्गावर, भरल्या गाडीत, ब्रेक दाबल्यावर कळते. कॉइलचे पाटे करतानाही तेच: भार आता दोन हँगरवर, चेसीच्या वेगळ्या बिंदूंवर पडतो. चेसीचा मागचा भाग गंजून बदलावाच लागणार असेल, किंवा गाडी इतकी खाली आणायची असेल की मूळ मांडणीत ॲक्सलला जागाच उरत नाही, तर बदल समर्थनीय आहे. ‘कॉइल बरी असते असं ऐकलं’ हे कारण तेवढं पुरेसं नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता गाडी बाजूला ठेवा आणि तुमचं शीर्षक समोर घ्या. त्याला हे प्रश्न विचारा.

तुलनेच्या दोन्ही बाजूंची हद्द सारखी आहे का, की एकीकडे पूर्ण संच आणि दुसरीकडे एक तुकडा?

फरक नावाचा आहे की आकड्याचा? ‘पाटा’ आणि ‘कॉइल’ ही नावं. ताठरपणा, घर्षण, ॲक्सलची जोडणी हे चल. नावांची तुलना करून चलांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

ही स्थिती लोकांनी निवडली की त्यांना मिळाली? निवडली असेल तर का?

जुन्याची तुलना नव्याशी होतेय का? ‘जुनं नव्याने दुरुस्त केलेलं’ हा तिसरा गट कुठे आहे?

‘आराम’, ‘कार्यक्षमता’, ‘समाधान’ असा गोड शब्द शीर्षकात असेल, तर तो कुठे, कशाने आणि कुणाच्या जागी बसून मोजणार?

आणि शेवटचा: कोणता निकाल आला तर तुम्ही मान्य कराल की आपलं गृहीतक चुकलं? ‘मालासाठी पाटे’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा. रॅम २५०० दाखवली तर तो म्हणेल, ती वेगळी. कॉर्व्हेट दाखवली तर म्हणेल, ती वेगळीच. प्रत्येक अपवाद वेगळा निघत असेल, तर नियम काहीच सांगत नाहीये.

हे सहा प्रश्न आरआरसीच्या आधी कागदावर सोडवा. दोन-तीन ठिकाणी अडाल, ते चांगलंच आहे. जिथे अडाल तिथे खुणा करून गाइडकडे जा आणि शीर्षकातला ‘तुलनात्मक’ हा शब्द ठेवायचा की काढायचा, हे त्या चर्चेनंतर ठरवा.